‘लागलं का?’ म्हणजे नेमकं काय लागलं: कोल्हापुरात नवीन आलेल्यांसाठी

गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये मी अकरा वर्षं सुपरवायझर आहे. आमच्याकडं लेथवर, व्हीएमसीवर (म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर), पॅकिंगला बाहेरची पोरं बरीच, कोण यूपीचं, कोण बिहारचं, ओडिशाचं, काही निपाणी-बेळगावकडची घरात कानडी बोलणारी. ह्या सगळ्यांना कामापुरती मराठी शिकवायचं काम हळूहळू माझ्याकडंच आलं आणि त्यात सगळ्यात जास्त घोळ कुठल्या शब्दानं घातला असेल तर तो ‘लागणे’ ह्या एका शब्दानं.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. रात्रपाळी होती. लेथवर एक नवीन पोरगा, येऊन आठच दिवस झालेले. आदल्या दिवशी मीच त्याला शिकवलेलं की सेटिंग झालं की ‘सेटिंग लागलं’ म्हणून सांगायचं. त्या रात्री चकमध्ये, म्हणजे लेथच्या पकडीत, जॉब (घडवायचा तुकडा) बांधताना त्याचं बोट चेमटलं, तोंडातून आवाज निघाला, पलीकडच्या मशीनवरून आमचा जुना ऑपरेटर ओरडला, “लागलं का रे?” पोराला वाटलं सेटिंगचं विचारतोय, तो म्हणाला, “नाही लागलं.” जुना माणूस निवांत आपल्या कामाला लागला. पोरगं बोटाला रुमाल गुंडाळून तसंच उभं, मी राउंडला आलो तेव्हा फरशीवर रक्त दिसलं म्हणून कळलं. चार टाके पडले. बोट वाचलं, पण मला त्या रात्री झोप लागली नाही, कारण शब्द मीच शिकवला होता आणि अर्धाच शिकवला होता.

दुसऱ्या दिवसापासून वही केली. कुणी ‘लागलं’, ‘लागतंय’, ‘लागंल’ म्हणालं की लिहून ठेवायचो, कोण बोललं, कशाबद्दल बोललं. खाली जे आहे ते त्या वहीतलं, ज्या क्रमानं नवीन माणसाला गरज पडते त्या क्रमानं. हिंदी वाचता येत असेल तर लिपी तीच आहे, हळूहळू हेही वाचता येईल, नाही आलं तर कुणाकडून तरी वाचून घ्या.

आधी बघू, काय काय लागेल

एक छोटी वही, खिशात मावणारी. पेन. मोबाईल असतोच, पण मोबाईलमध्ये लिहिलेलं पोरं परत बघत नाहीत हा माझा अनुभव, म्हणून वहीच घ्या. एक माणूस जो तुमची चूक तिथल्या तिथं सांगेल, खोलीची मालकीण असेल, मेसच्या मावशी असतील, शेजारच्या मशीनवरचा मामा असेल. आणि एक किराणा दुकान जिथं तुम्ही रोज जाता, तेच तेच दुकान, बदलायचं नाही. वेळ म्हणाल तर रोज पंधरा मिनिटं, साधारण दीड-दोन महिने लागतात. आमच्या एका पोराला तीन आठवडे लागले, एकाला वर्ष लागलं, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

१. पहिल्याच दिवशी: दुखापतीचं ‘लागलं’

बाकी सगळं नंतर शिकलात तरी चालेल, हे आज शिका. कोणी घाईनं, तुमच्याकडं बघत, “लागलं का?”, “लय लागलं का?”, “कुठं लागलं?” असं विचारलं तर ते तुमच्या अंगाबद्दल विचारतायत. उत्तर द्यायचं, “हो, बोटाला लागलं”, “पायाला लागलं”, “डोक्याला लागलं”. अवयवाला ‘ला’ लावा आणि पुढं ‘लागलं’, संपलं.

ठेच लागली म्हणजे पाय कशालातरी आपटला. शॉक लागला, किंवा आमच्याकडं करंट लागला म्हणतात, म्हणजे विजेचा धक्का बसला. चटका मात्र ‘बसला’ म्हणतात, भाजलं असंही म्हणतात. धाप लागली म्हणजे दम लागला, श्वास पुरेना. ठसका लागला, उचकी लागली, जुलाब लागले, ही सगळी दवाखान्यात सांगायला लागणारी वाक्यं, वहीच्या पहिल्या पानावर लिहा. ऊन लागलं म्हणजे उन्हाचा त्रास झाला, एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली काम करणाऱ्यांनी हे नक्की पाठ करावं.

इथं जपून: सुपरवायझर, ऑपरेटर जे कोण असाल आणि नवीन माणसाला विचारत असाल तर नुसतं “लागलं का?” विचारू नका. “बोटाला लागलं का?”, “तुला लागलं का?” असं पूर्ण विचारा. आमच्या शॉपमध्ये आता तसाच नियम आहे, मी भिंतीवर लिहूनच ठेवलाय.

२. मुळात ‘लागणे’ म्हणजे चिकटणे

आता जरा शांत बसून हे समजून घ्या, म्हणजे पुढचं पाठ करावं लागणार नाही. हा शब्द संस्कृतातल्या ‘लग्’ वरून आला, त्याचा अर्थ चिकटणं, जोडलं जाणं. ‘लग्न’ हा शब्दही तिथूनच आला, दोन माणसं एकमेकांना जोडली जातात ते लग्न. म्हणून मराठीत लग्न ‘लागतं’. मंगलाष्टका संपल्या, शेवटच्या अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली की लग्न लागलं. तुम्हाला कुणी लग्नाला बोलावलं आणि उशीर झाला तर मांडवाच्या दारात पहिला प्रश्न हाच विचारायचा, “लग्न लागलं का?” लागलं असेल तर सरळ आहेर द्यायचा आणि पंगतीकडं वळायचं.

तर कुठलीतरी गोष्ट येऊन तुम्हाला चिकटते असं डोळ्यासमोर आणा. भूक येऊन चिकटली, भूक लागली. तहान लागली. रंग भिंतीला लागला. सवय लागली. वेड लागलं. जीव लागला म्हणजे माया जडली, तीन वर्षं आमच्याकडं राहून गावी गेलेल्या पोराचा फोन येतो तेव्हा म्हणतो की कोल्हापूरला जीव लागलाय. नातंसुद्धा असंच चिकटतं, “ते तुमचे कोण लागतात?”, “माझे चुलते लागतात.” झाडाला फळं लागतात. हाताला हात लागतो, चुकून कुणाला पाय लागला तर लगेच नमस्कार करतात, तुम्हीही करा.

३. ‘मला’ कुठं आणि ‘मी’ कुठं

ह्या पायरीवर घाई करू नका. ज्याला चिकटतं त्याला ‘ला’ लागतो आणि क्रियापद बदलतं ते चिकटणाऱ्या वस्तूप्रमाणं. तुम्ही पुरुष आहात का बाई आहात ह्याचा इथं काही संबंध नाही.

मला भूक लागली. मला वेळ लागला. मला ऊन लागलं. मला पैसे लागले. मला गोळ्या लागल्या.

बघा, पाचही ठिकाणी माणूस तोच, शेपूट बदललं. पुरुष म्हणून “मला भूक लागला” म्हणणारे खूप भेटतात, भूक स्त्रीलिंगी म्हणून ‘लागली’च.

आणि ‘लागणे’ला ‘ने’ कधीच नाही. “मी ने लागलो”, “त्याने लागला” हे चुकीचं. ‘ने’ येतो तो ‘लावणे’बरोबर, त्याचं पुढं सांगतो.

४. ‘पाहिजे’ की ‘लागतं’

हिंदीवाल्यांना ‘चाहिए’ची सवय, कानडीवाल्यांना ‘बेकू’ची, दोन्हीकडं एकाच शब्दात भागतं, मराठीत दोन शब्द आहेत आणि त्यात फरक आहे.

“मला चहा पाहिजे” म्हणजे आत्ता द्या. “मला सकाळी उठल्या उठल्या चहा लागतो” म्हणजे त्याशिवाय चालत नाही, सवय आहे, गरज आहे. चहाच्या गाड्यावर जाऊन “मला चहा लागतो” म्हणालात तर चहावाला म्हणेल बरं, लागत असेल, आणि तुमच्याकडं बघत राहील.

दुकानदार मात्र उलट विचारतो. सामान काढून झालं की म्हणतो, “आणि काय लागतंय?” ह्याचं उत्तर “तेल पाहिजे, साबण पाहिजे” असं द्यायचं किंवा “काय नको, बास.” मेसला मावशी विचारतात, “किती भाकऱ्या लागतात तुला?” इथं आत्ताचं नाही, रोजचा अंदाज विचारतायत, म्हणून खरा आकडा सांगा. एक ओडिशाचा पोरगा लाजून दोन म्हणाला आणि महिनाभर अर्धपोटी राहिला, मावशींना समजल्यावर त्यांच्या डोळ्यात पाणी आलं.

वेळ, पैसा, कागद, माणसं, जे जे खर्ची पडतं त्याला ‘लागतं’. “पन्हाळ्याला जायला किती वेळ लागतो?” “बॅंकेत खातं उघडायला आधार लागतं, पॅन लागतं, दोन फोटो लागतात.” कोल्हापुरात वेळचा ‘येळ’ होतो आणि ‘लागेल’चं ‘लागंल’ होतं, “किती येळ लागंल?” हे वाक्य तुम्हाला दिवसातून दहा वेळा ऐकू येईल. कुठल्याही ऑफिसात काउंटरवर पहिलं वाक्य हेच टाका, “ह्याला काय काय कागद लागतात?” आणि समोरचा सांगेल ते लिहून घ्या, एकदाच विचारून सगळं लिहिलं तर चार हेलपाटे वाचतात.

५. चव आणि स्वयंपाक

छोटी पायरी आहे. जेवण कसं आहे ते ‘लागतं’. तांबडा रस्सा तिखट लागतो, पांढरा सौम्य लागतो, गूळ गोड लागतो. ताप आला की तोंडाला चव लागत नाही.

पण “भात लागला”, “दूध लागलं” असं ऐकलं तर ते खाली करपलं असा अर्थ. मावशींनी विचारलं “भात लागलाय काय रे?” तर त्या चव विचारत नाहीयेत, करपल्याचा वास येतोय का ते विचारतायत. पोरगं “हो, छान लागलाय” म्हणालं की झालं.

६. हिंदीतलं ‘लगता है’ घरी ठेवून या

हा सगळ्यात मोठा खड्डा. शब्द सारखा दिसतो म्हणून माणूस बिनधास्त पाय टाकतो. हिंदीत मनाला जे होतं, शरीराला जे जाणवतं ते सगळं ‘लगता है’, मराठीत तसं नाही. मनातलं असेल तर ‘वाटतं’.

‘मुझे लगता है’ म्हणजे मला वाटतं. ‘मला लागतं’ म्हणालात तर समोरचा विचारेल, काय लागतं?
‘अच्छा लगा’ म्हणजे बरं वाटलं, छान वाटलं.
‘बुरा लगा’ म्हणजे वाईट वाटलं. मनाला लागलं असंही आहे, पण ते फार खोलवरचं, कुणीतरी टोचून बोललं आणि ते आत जाऊन बसलं, तेव्हा. साध्या गोष्टीला वापरू नका, समोरचा घाबरतो.
‘डर लगता है’ म्हणजे भीती वाटते. ‘शर्म आती है’ म्हणजे लाज वाटते.
‘ठंड लगती है’ म्हणजे थंडी वाजते. वाजतेच म्हणायचं, लागते नाही.
‘गर्मी लगती है’ म्हणजे उकडतंय.
‘पता लगा’ म्हणजे कळलं, समजलं. ‘पत्ता लागला’ मराठीत आहे, पण हरवलेलं माणूस, चोरी गेलेली गाडी, असल्या गोष्टीचा शोध लागला तरच.

भूक, तहान, झोप मात्र दोन्हीकडं सारख्या, तिथं निर्धास्त राहा. झोपेत थोडा फरक आहे, ‘झोप येते’ म्हणजे डोळे जड झालेत, ‘झोप लागली’ म्हणजे झोपलात.

७. कोल्हापुरी ‘कराय लागलोय’

ही पायरी पुस्तकात मिळणार नाही आणि कोल्हापुरात राहायचं असेल तर ह्याच्याशिवाय गत्यंतर नाही, म्हणून जरा लांब सांगतो.

पुस्तकी मराठीत “तो बोलू लागला” म्हणजे त्यानं बोलायला सुरुवात केली. “पाऊस पडू लागला” म्हणजे आत्ता चालू झाला. इथं ‘तो’, ‘पाऊस’ असा सरळ कर्ता, ‘ला’ नाही. हे बरोबर आहे आणि कोल्हापुरातही समजतं.

पण कोल्हापुरात लोक फोनवर “मी जेवाय लागलोय” म्हणतात तेव्हा त्यांनी सुरुवात केली असं सांगायचं नसतं, आत्ता जेवतोय, मध्येच आहे, असं सांगायचं असतं. पुस्तकात ज्याला ‘जेवत आहे’ म्हणतात त्याला इथं ‘जेवाय लागलोय’. आणि भराभर बोलताना तो ‘लाग’सुद्धा गिळला जातो, ‘जेवालोय’ होतं, ‘करालोय’ होतं. “काय करालायस?” हा कोल्हापूरचा सगळ्यात आपुलकीचा प्रश्न, त्याच्या पोटात ‘कराय लागलायस’ लपलेलंय. बिहारहून आलेल्या एका पोरानं पहिल्या दिवशी हे ऐकलं आणि त्याला वाटलं दमदाटी चाललीय. तसं काही नाही, नुसतं काय चाललंय एवढंच विचारतात. उत्तर द्या, “काय नाही, बसलोय.”

आता ह्यातला सापळा. ही दोन वाक्यं मोठ्यानं वाचा.

मी जायला लागलोय.
मला जायला लागतंय.

पहिलं म्हणजे मी निघालोय, जातोय. दुसरं म्हणजे जाणं भाग आहे, नाइलाज आहे. पुस्तकात दुसऱ्याला ‘मला जावं लागतं’ म्हणतात. फरक ‘मी’ आणि ‘मला’चा. सुट्टी मागायला आलेला पोरगा मला म्हणाला, “साहेब, मी गावाला जायला लागलोय.” मला वाटलं विचारत नाहीये, सांगतोय, माझं डोकं फिरलं. त्याला म्हणायचं होतं की आई आजारी आहे, जावं लागतंय. हे लक्षात यायला अर्धा दिवस गेला आणि त्या अर्ध्या दिवसात त्याची गाडी चुकली. म्हणून म्हणतो, भाग पडतंय असं सांगायचं असेल तर ‘मला’नं सुरुवात करा.

आणखी एक, कोल्हापूरच्या बायका-मुली स्वतःबद्दल बोलताना ‘मी आलो’, ‘मी करालोय’ असं पुरुषी रूप सर्रास वापरतात. ते इथलं बोलणं आहे, चूक नाही, त्यांना दुरुस्त करायला जाऊ नका.

८. रस्ता आणि गाडी

रस्त्यात जे भेटतं ते लागतं. रत्नागिरी रोडनं निघालात तर आधी केर्ली लागतं, मग वाघबीळ लागतं, तिथून पन्हाळ्याला वळायचं, सरळ गेलात तर पुढं आंबा घाट लागतो. पत्ता विचारला की लोक असंच सांगतात, “पुढं एक पूल लागंल, तिथनं डावीकडं.” पूल काही करत नाही, तुमच्या वाटेत येतो, एवढंच.

‘गाडी लागली’ नीट बघा. स्टँडवर म्हटलं तर एसटी फलाटाला आली, चला बसा. गाडीत बसल्यावर “तुला गाडी लागते का?” विचारलं तर प्रवासात मळमळ होते का, उलटी होते का. आणि “गाडीला गाडी लागली” म्हणजे घासली, धडकली. आमचा एक पोरगा पहिल्यांदा कोकणात निघाला, शेजारच्या आजींनी विचारलं, “बाळा, गाडी लागते का?” तो म्हणाला, “हो, सहा नंबरला लागली होती.” आजींनी पिशवीतनं आल्याची वडी काढून त्याच्या हातावर ठेवली. वडी खाल्ली त्यानं, आणि तिसऱ्या दिवशी मला विचारलं की आजींनी का दिली असेल.

९. लागणे आणि लावणे

आपोआप झालं तर लागलं, कुणीतरी केलं तर लावलं. ‘लावणे’ला भूतकाळात ‘ने’ येतो, त्याने लावला, तिने लावली.

हा फरक नुसता व्याकरणाचा नाही. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. १९१५ साली शाहू महाराजांच्या काळात पॅलेस थिएटर म्हणून बांधलेलं ते नाट्यगृह, आणि दुसऱ्याच दिवशी, ९ ऑगस्टला, ज्यांचं नाव त्याला दिलंय त्या गायक-नट केशवरावांची जयंती. रात्री कितीतरी लोक रस्त्यावर उभे राहून रडत होते. सकाळी चहाच्या गाड्यावर आमचा एक नवीन पोरगा म्हणाला, “थेटरला आग लावली.” चार माणसं उठून उभी राहिली, “कुणी लावली? तू बघितलंस?” त्याला फक्त बातमी सांगायची होती. ‘लावली’ म्हणजे कुणीतरी मुद्दाम केलं, तो आरोप होतो. अपघात असेल, माहीत नसेल तर ‘लागली’च म्हणायचं. मी तिथं होतो म्हणून समजावून सांगता आलं. गोष्ट जिवाला लागलेली असली की लोकांना शब्द टोचतो.

रोजच्या वापरात आणखी एक गंमत आहे. दिवा लाव, फॅन लाव, टीव्ही लाव म्हणजे चालू कर. दार लाव, खिडकी लाव म्हणजे बंद कर. कडी लाव, कुलूप लाव म्हणजे अडकव. फोन लाव म्हणजे कॉल कर, आणि लागला नाही तर “फोन लागत नाही”. गाडी लाव म्हणजे उभी कर, पार्क कर, चालू कर नव्हे. ही यादी वहीत उतरवा आणि खोलीत फिरत फिरत प्रत्येक वस्तूला हात लावून म्हणा, दोन दिवसात बसते.

१०. पाणी लागलं, पण कुठलं

‘पाणी लागलं’चे कोल्हापुरात तीन अर्थ तरी रोजचे आहेत. बोअर मारताना म्हणाले तर जमिनीत पाणी सापडलं, लोक पेढे वाटतात. बांधकामावर म्हणाले “दहा बॅरल पाणी लागलं” तर तेवढं खर्ची पडलं. आणि पावसाळ्यात म्हणाले “घराला पाणी लागलं” तर पुराचं पाणी भिंतीला येऊन टेकलं, सामान उचलायची वेळ झाली.

हे तिसरं पाणी नीट शिका. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात, ३९ फुटाला इशारा, ४३ फुटाला धोका. जुलै-ऑगस्टमध्ये लोक एकमेकांना “किती फूट?” एवढंच विचारतात आणि सगळ्यांना समजतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गावर पाणी येऊन वाहतूक कित्येक दिवस बंद होती, २०२१ ला परत पूर आला. नदीच्या बाजूला खोली घेतली असेल तर मालकाला आधीच विचारून ठेवा, “इथं पाणी लागतं का?” नवीन पोरं हे विचारतात तेव्हा काही मालकांना वाटतं नळाच्या पाण्याचं विचारतोय, म्हणून “पुराचं पाणी लागतं का?” असं पूर्ण विचारलेलं बरं.

११. ‘लागण’ ऐकून घाबरू नका

कोरोनात ‘लागण’ हा शब्द सगळ्या देशानं ऐकला, रोग चिकटणे ह्या अर्थानं. पण कोल्हापूर ऊसवाल्यांचा जिल्हा, इथं ऊस लावण्यालाही लागण म्हणतात. जुलै-ऑगस्टला आडसाली लागण, ऑक्टोबर-नोव्हेंबरला पूर्वहंगामी, डिसेंबर ते फेब्रुवारी सुरू लागण. तोडल्यावर त्याच खोडातून जो परत फुटतो तो खोडवा. तेव्हा खोलीमालक म्हणाले, “आमची लागण झाली परवा,” तर मास्क शोधू नका, विचारा किती एकर.

१२. फसवे जोड: एक अक्षर बदललं की अर्थ गेला

डोळा लागला म्हणजे झोप लागली. डोळ्याला लागलं म्हणजे डोळ्याला इजा झाली, पळा दवाखान्यात. वाटेकडं डोळे लागले म्हणजे कुणाची तरी वाट बघणं चाललंय. मशीनवर रात्रपाळीला असलात तर पहिली दोन नीट वेगळी ठेवा.

वाट लागली म्हणजे नुकसान झालं, काम बिघडलं. वाटेला लागलो म्हणजे निघालो. मार्गाला लागला म्हणजे पोरगं धड झालं, नोकरीधंद्याला लागलं. गावाकडं आईला सांगताना तिसरं सांगा, पहिलं नाही.

कामाला लागलो म्हणजे नोकरी मिळाली, किंवा काम चालू केलं, दोन्ही. नोकरी लागली, नंबर लागला, निकाल लागला, लॉटरी लागली, हे सगळं आनंदाचं.

मागे लागू नको म्हणजे तगादा लावू नको. नादी लागू नको म्हणजे त्याच्या संगतीत पडू नको. तोंडाला लागू नको म्हणजे वाद घालू नको, उलट बोलू नको, हे वाक्य वरिष्ठांना कधीच म्हणायचं नाही. दृष्ट लागली म्हणजे कुणाची नजर लागली, ह्यावर मावशी मीठमोहऱ्या ओवाळून टाकतात, ओवाळू द्या, माया असते ती.

खासबागेत मैदान असेल आणि कुणी म्हणालं “मोठी कुस्ती लागली” तर बोलणं सोडा आणि आखाड्याकडं बघा, जोड हातात हात देऊन सुरू झालीय.

१३. सराव कसा करायचा

रोज एकच अर्थ घ्या, दोन नको. तो दिवसभरात तीन वेळा तरी खऱ्या माणसाशी बोलून वापरा, आरशासमोर नाही. रात्री वहीत लिहा की कुणी दुरुस्त केलं का. कुणी हसलं तर विचारा, “कसं म्हणायचं?” कोल्हापूरची माणसं आवाज मोठा ठेवून बोलतात, पण विचारलं की हातचं काम टाकून सांगतात.

महिन्याभरानं खालचं वाक्य घ्या. हे आमच्या त्याच जुन्या ऑपरेटरनं जेवणाच्या सुट्टीत सहज बोललेलं, मी तसंच उतरवून घेतलं आणि आता प्रत्येक नवीन पोराला हेच देतो.

“आंबा घाट लागला की मला गाडी लागते म्हणून गोळी लागते, गोळी घेतली की डोळा लागतो, आणि मग साखरपा कधी लागलं ते कळत नाही, उतरून परत माघारी यायला लागतं.”

आधी स्वतः सोडवा, मग खाली बघा. घाट लागला, वाटेत आला. गाडी लागते, मळमळतं. गोळी लागते, गरज पडते. डोळा लागतो, झोप लागते. साखरपा लागलं, गाव वाटेत आलं. यायला लागतं, यावंच लागतं, नाइलाज. सहापैकी चार आले तर तुम्ही रात्रपाळीला उभे राहायला तयार आहात. बोट चेमटलेल्या त्या पोराला मागच्या दिवाळीत हे वाक्य दिलं, सहाच्या सहा सोडवली त्यानं, आणि आता लेथवर नवीन कोण आलं की “तुला लागलं का?” असं पूर्ण विचारणारा पहिला माणूस तोच असतो.